वाचकांचे प्रश्न : चार दिवसांची सोय आणि कायमचं घर

मोठ्या झालेल्या दिव्यांग मुलामुलींच्या घरून या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेक घरांत सगळं एकाच माणसाच्या जिवावर चाललंय आणि आता तोच माणूस थकलाय. निवडक पत्रांना इथं उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता आहे आणि फिट्स येतात. आजवर एक रात्रही तो माझ्याशिवाय राहिलेला नाही. दिवाळीनंतर माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीन आठवडे त्याची सोय कुठं करू? नातेवाईक म्हणतात, "कशाला लांब पाठवता, आम्ही बघू." — एक आई, नाशिक

नातेवाइकांना नाही म्हणू नका, फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. रात्री त्याच्या शेजारी कोण झोपणार? आणि सकाळी त्याला संडासला कोण नेणार, धुवून कोण देणार? या दोन कामांपुढे कुणाचं नाव पडलं नाही, तर "आम्ही बघू" म्हणजे जेवणाचा डबा, एवढंच समजा. तोही उपयोगाचा असतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

तीन आठवड्यांचा हिशेबही कमी वाटतो. गुडघा बदलल्यावर वॉकर घेऊन घरात चालणं लवकर जमतं. मोठ्या माणसाला अंघोळ घालणं, फिट आल्यावर त्याला कुशीवर वळवणं ही कामं वेगळी. आपल्या सर्जनना "मी कधी चालेन?" असं न विचारता "सत्तर किलोच्या माणसाला मी कधी हात लावू शकेन?" असं विचारा. उत्तर सहसा सहा आठवड्यांच्या पुढचं येतं.

तात्पुरत्या निवासाला संस्थांच्या भाषेत 'रिस्पाइट' म्हणतात. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी नॅशनल ट्रस्टची (ही केंद्र सरकारची वैधानिक संस्था) 'समर्थ' योजना होती, आणि प्रौढांच्या कायम निवासासाठी 'घरौंदा'. आता दोन्ही मिळून 'समर्थ-कम-घरौंदा' अशी एकच निवासी योजना आहे. ट्रस्टच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत संस्थांची यादी मिळते. जिल्ह्यात 'समर्थ' केंद्र नसेल, तर निवासी शाळा-कार्यशाळा चालवणाऱ्या संस्थांना थेट विचारा. योजनेत नसूनही काही जण ओळखीच्या मुलाला महिनाभर ठेवून घेतात. ओळखीच्या, हे महत्त्वाचं. म्हणून तयारी आजच सुरू करा.

पहिल्या खेपेला दोन तास, तुम्ही सोबत. मग अर्धा दिवस तुमच्याविना. मग जेवण आणि अंघोळ धरून पूर्ण दिवस. त्यानंतर एक रात्र, आणि आठ-दहा दिवसांनी दोन रात्री. या रात्री तुम्ही धडधाकट असतानाच व्हायला हव्यात, म्हणजे काही बिघडलं तर जाऊन आणता येतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा नेऊन सोडणं हे सर्वांत वाईट. त्याच्या डोक्यात आईचं नाहीसं होणं आणि ती जागा यांची गाठ कायमची बसते. नजर चुकवून निघूही नका. कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची आणि लाल गोलापाशी आई येणार, हे घरीच दाखवून ठेवा. रोजची उशी, ताट आणि पाण्याचा पेला बरोबर द्या. उशीचा अभ्रा धुऊ नका, घरचा वास राहू द्या.

आता कागद. पहिली दोन पानं अशी हवीत की रात्रपाळीचा नवा माणूस पाच मिनिटांत वाचेल. "स्वतः जेवतो" एवढं लिहून भागत नाही. पोळीचे तुकडे करून द्यावे लागतात, भात वरणात कालवून लागतो, घास गालात साठवतो, म्हणून तोंड रिकामं झाल्याशिवाय पुढचा घास वाढायचा नाही, इतकं लिहा. 'शू' कशी सांगतो, दात दुखला तर काय करतो (काही मुलं कान ओढतात, काही समोरच्याला मारतात), कशाला घाबरतो, कुत्रा दिसला की रस्त्यावर धावतो का, हे सगळं त्यात यावं. आपल्याला इतकी सवय झालेली असते की नेमकं हेच सांगायचं राहतं.

फिट्सच्या औषधांबाबत काटेकोर राहा. गोळ्या डबीत सुट्या करून देऊ नका, नाव दिसणाऱ्या पाकिटांतच द्या. सोबत चिठ्ठीची प्रत, आणि मुक्कामाच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांचा साठा जास्त. "सकाळ-संध्याकाळ" न लिहिता घड्याळातली वेळ लिहा, कारण तुमच्या घरची रात्रीची गोळी नऊला असते आणि संस्थेत जेवणं साडेसातला उरकतात. नावापुढे सीआर किंवा ईआर असलेली गोळी कुस्करून भातात कालवायची नाही, दिवसभराचं औषध एकदम सुटतं. कंपनी बदलायची नाही. गोळी उलटून पडली किंवा द्यायची राहिली तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

फिट आली की आधी घड्याळ बघायचं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, तोंडात काही घालायचं नाही. कांदा-चप्पल हुंगवणारे अजून भेटतात, म्हणून "काही हुंगवू नये" हेही लिहाच. फिट पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, तर डॉक्टरांनी दिलेला नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा आणि लगेच १०८. फवारा किती मारायचा आणि कुणी मारायचा याचं डॉक्टरांच्या सहीचं पत्र नसेल, तर कर्मचारी बिचकतात आणि वेळ जातो.

नव्या जागी फिट्स वाढण्यामागे बहुधा झोपमोड किंवा चुकलेली गोळी असते. त्याच्या जोडीला बद्धकोष्ठ. अनोळखी संडासात बरीच मुलं दोन-दोन दिवस रोखून धरतात आणि पाणीही कमी पितात. रोजची लिटरची बाटली सोबत द्या, म्हणजे दिवसभरात किती संपली हे नजरेनं कळतं. शौचाच्या नोंदीचा तक्ता भिंतीवर लावायला सांगा आणि तिसऱ्या दिवशी काय द्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

शेवटचं म्हणजे संमतिपत्र : दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुठल्या, आधी फोन कुणाला, आणि तुम्ही भूलीखाली असाल तर निर्णय कुणाचा.

प्रश्न : मुलगी (वय २२, स्वमग्न) आठवडाभर संस्थेत राहून आली. आल्यापासून जेवत नाही, चिमटे काढते. पुन्हा पाठवू नये ना? — एक वडील, अकोला

तीन-चार दिवसांचा राग हा बहुतेक घरांत दिसतो आणि दिनक्रम रुळावर आला की तो ओसरतो. पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. घरी आल्याच्या दिवशीच अंघोळीच्या वेळी आईनं अंगभर नजर टाकायची. मनगटं, दंडाची आतली बाजू, मांड्या, पाठ. वजन करायचं. गेलेले कपडे आणि आलेले कपडे मोजायचे. संस्थेकडून शौच, झोप, औषधं यांच्या नोंदींचा फोटो मागवायचा. ज्यांनी नोंदी ठेवल्या आहेत ते देतात.

विशिष्ट माणसाचं नाव निघताच दचकणं, कपडे बदलू न देणं, झोपेत ओरडणं, अंगावर बोटांचे वळ यांपैकी काही दिसलं तर आधी डॉक्टरांकडून तपासणी आणि त्याची लेखी नोंद, मग तक्रार. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे (आपल्याकडे बहुधा तहसीलदार) अर्ज करता येतो. पोलिसांत जायचा मार्ग असतोच. यातलं काहीच नसेल, तर दोन महिन्यांनी पुन्हा पाठवा, पण एकाच रात्रीसाठी आणि तिला सवय झालेली बाई पाळीवर असताना.

प्रश्न : अपघातानंतर माझ्या नवऱ्याला मानेखाली संवेदना नाही (सी-६, म्हणजे मानेतल्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर इजा). सहा वर्षं मीच करते. भावाच्या लग्नाला तीन दिवस जायचंय. ब्युरोतून चोवीस तासांचा माणूस घेतला तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

जा. पण चोवीस तासांचा एक माणूस घेऊ नका. तो झोपणारच, आणि तुमच्या नवऱ्याला रात्री दर दोन तासांनी कूस बदलून लागते. बारा-बारा तासांचे दोघे घ्या. जाण्याआधी दोन दिवस त्यांना बोलवा. पहिल्या दिवशी तुम्ही करा, त्यांनी बघायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी करायचं, तुम्ही हात मागे बांधून बघायचं. हे दोन दिवसांचे पैसे वाया गेले असं वाटतं, पण चुका त्याच दिवसांत सापडतात. बगलेत हात घालून वर ओढणं ही हमखास दिसणारी चूक. खांद्याचा सांधा त्यानं दुखावतो. अंगाखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी धरून दोघांनी सरकवायचं असतं.

माकडहाड, टाचा आणि नितंबांची हाडं रोज दोनदा बघायला सांगा. लाल डाग बोटानं दाबून पांढरा पडत नसेल, तर त्या बाजूवर पुन्हा निजवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हाताला लागणारा उबदारपणा किंवा टणकपणा बघावा. अंघोळीचं पाणी माणसानं आपल्या कोपरानं तपासायचं. रबरी गरम पिशवी तर घरातून काढूनच ठेवा. पाणी जास्त कढत असलं तरी तुमच्या नवऱ्याला ते कळणार नाही.

एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाशी चिकटवा. अचानक फुटेल असं डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, मानेच्या वर घाम, आणि बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० नं वर. पाठीच्या कण्याला छातीच्या वरच्या भागात किंवा त्याच्याही वर इजा झालेल्यांना हे होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. यांचं एरवीचं बीपी ९० ते ११० च्या आसपास असतं, त्यामुळं १४० बघून "नॉर्मलच आहे" म्हणणारे पुष्कळ. तुमच्या नवऱ्याचा नेहमीचा आकडाही त्याच कागदावर लिहा. करायचं एवढंच : ताबडतोब बसतं करायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे-कपडे सैल करायचे, मग कॅथेटरची नळी दुमडली आहे का, पिशवी भरली आहे का बघायचं. मूत्राशय तुंबणं हे सर्वांत वारंवार आढळणारं कारण, त्यानंतर साठलेली शौच. दोन-पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८. फोन करून तुम्हाला विचारत बसायचं नाही, हेही त्यांना सांगून ठेवा.

प्रश्न : वसतिगृह, ग्रुप होम आणि 'सपोर्टेड लिव्हिंग' यांत नेमका फरक काय? संस्था बघायला गेलो तर काय बघायचं? — एक पालक जोडपं, सांगली

वसतिगृहात जागा आणि देखभाल एकत्र मिळते. जागा सोडली की देखभालही सुटते. ग्रुप होममध्ये माणसं कमी, चार ते दहा, पण व्यवस्था तीच. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये घर राहणाऱ्यांचं असतं (भाड्याचं असेना का) आणि मदतीला येणारा माणूस वेगळ्या करारानं येतो. मदतनीस आवडला नाही तर तो बदलायचा, घर नाही. २०१६ च्या अधिनियमाचं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं आणि अमुकच ठिकाणी राहिलं पाहिजे असं बंधन घालता येणार नाही असंही सांगतं. प्रत्यक्षात अशी घरं फार थोडी आहेत. मानसिक आजारातून सावरलेल्यांसाठी चेन्नईच्या 'द बनयन' संस्थेच्या 'होम अगेन' कामात चार-पाच जण वस्तीतल्या साध्या घरात मिळून राहतात आणि गरजेपुरता मदतनीस येतो. महाराष्ट्रात हे काम रत्नागिरीत आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आपल्याकडे अजून मुख्यतः पालकांनी उभ्या केलेल्या निवासी संस्थाच आहेत, आणि त्यांतल्या काही उत्तम आहेत.

खर्च का जास्त, याचं गणित सोपं आहे. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे दर क्षणी एक जण हजर राहायला साडेतीन माणसं लागतात, आणि रजा, आजारपण, गणपती-दिवाळी धरून पाच. पगार १५ हजार धरला तर महिन्याला ७५ हजार फक्त पगारांचे. घरात चौघं असतील तर माणशी पावणेएकोणीस हजार, भाडं आणि किराणा अजून बाजूलाच. म्हणून कुणी आठ हजारांत चोवीस तास वैयक्तिक देखभाल देतो म्हणाला, तर रात्री किती मुलांमागे किती माणसं असतात ते विचारा. देणग्यांवर भागत असेल तर चांगलंच आहे, पण मग देणग्या कशा येतात आणि आटल्या तर काय, हेही विचारा.

बघायला जाताना कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. रविवारी संध्याकाळी सातला जा. संडास-बाथरूमपासून सुरुवात करा : दाराला आतून कडी आहे का, पकडायला दांडा आहे का, ओली फरशी आहे का. कपड्यांवर नावं आहेत की सगळ्यांचे कपडे एका ढिगात? औषधांच्या रजिस्टरमध्ये आजच्या रात्रीच्या गोळीपुढे ती द्यायच्या आधीच सही झालेली असेल, तर बाकीचं कितीही चकाचक असलं तरी परत फिरा. चहा कुणाला हवा तेव्हा करून घेता येतो का, की चारला एकदाच मिळतो? साधी वाटणारी गोष्ट, पण तिथलं राहणं कुणाच्या सोयीनं चालतं ते तिच्यावरून कळतं.

नोंदणीचं प्रमाणपत्र (कलम ५०) दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. करार वाचताना "वर्तनसमस्या उद्भवल्यास पालकांनी तात्काळ घेऊन जावे" हे वाक्य शोधा, बहुतेक करारांत असतंच. 'तात्काळ'च्या जागी किमान तीस दिवस आणि त्याआधी डॉक्टरांचा सल्ला, असं लिहून घ्या. पालकांच्या मृत्यूनंतर कुणाला कळवायचं, संस्था बंद पडली तर मुलं कुठं जाणार, हेही लेखी हवं. 'आजीवन' म्हणून एकरकमी मोठी ठेव मागणाऱ्यांच्या गेल्या तीन वर्षांच्या लेखापरीक्षणाच्या प्रती बघितल्याशिवाय चेक लिहू नका.

प्रश्न : मुलीला १९ वर्षं पूर्ण झाली. सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता आहे. बँक म्हणते पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. आम्ही आईवडील आहोत, मग हे कशाला? शिवाय पुढे अमेरिकेतल्या तिच्या भावाला पालक करता येईल का? — एक आई, ठाणे

अठरा वर्षं झाली की कायद्यानं ती सज्ञान. आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व तिथं संपतं, मुलगी बोलू शकत असो वा नसो. तुमच्या मुलीचा गट नॅशनल ट्रस्ट अधिनियम, १९९९ मध्ये येतो, त्यामुळं कोर्टात जायची गरज नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती कलम १४ खाली पालक नेमते. अर्जाला दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी (दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र), जन्मदाखला, दोघांची ओळखपत्रं आणि रहिवासाचा पुरावा जोडा. नोंदणीकृत संस्थेमार्फत अर्ज केला तर कागद कमी वेळा परत येतात.

प्रमाणपत्र मिळालं की बरेच जण फाइल बंद करतात. पण सहा महिन्यांच्या आत मुलीच्या नावच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी समितीला द्यावी लागते, आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. तिच्या नावानं वेगळं खातं ठेवा आणि तिचा खर्च त्यातूनच करा, म्हणजे पासबुकावरून हिशेब निघतो.

भावाबद्दल : पालक भारतीय नागरिक असावा लागतो. त्यानं नागरिकत्व बदललं असेल तर प्रश्न मिटला. बदललं नसलं तरी परदेशातून रोजची जबाबदारी निभणार नाही. इथला एखादा चुलतभाऊ-वहिनी पालक आणि सख्खा भाऊ पैशांचा विश्वस्त, ही विभागणी जास्त टिकते.

मानसिक आजार असलेल्यांना ही वाट लागू नाही. त्यांच्यासाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, आणि तो त्या व्यक्तीनं स्वतः निवडायचा असतो.

प्रश्न : मुलाच्या नावे किती पैसे ठेवावेत? घर धाकट्याच्या नावावर करून "दादाला सांभाळ" असं सांगितलंय. — निवृत्त कर्मचारी, नागपूर

आधी आकडा. आज महिन्याला २५ हजार लागत असतील आणि महागाई सात टक्के धरली, तर वीस वर्षांनी तेवढ्यालाच सुमारे ९७ हजार लागतील. तुमचं वय न बघता मुलाचं वय बघून वर्षं मोजा.

तोंडी सांगण्यावर घर देऊ नका. धाकटा भला असेल, पण त्याच्यावर कर्ज झालं, घटस्फोट झाला किंवा तोच आधी गेला, तर दादाचा त्या घरावर कागदोपत्री काहीच हक्क उरत नाही. भारतीय विश्वस्त अधिनियम, १८८२ खाली खासगी ट्रस्ट करा. घर त्यात घालायचं तर दस्त नोंदवावा लागतो. विश्वस्त किमान दोन, आणि त्यांच्यानंतर कोण याची नावंही दस्तातच. ट्रस्टनं संस्थेची फी, औषधं, कपडे यांचे पैसे थेट भरावेत. एक पथ्य पाळा : मुलाची राहण्याची जागा, त्याचं पालकत्व आणि त्याचा पैसा या तिन्ही गोष्टी एकाच हाती देऊ नका, मग ती संस्था कितीही नावाजलेली असो. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा असतो, वारस नव्हे. त्यामुळं नॉमिनेशन केलं म्हणून मृत्युपत्र टाळू नका.

तुम्ही निवृत्त कर्मचारी आहात, तर कुटुंब-निवृत्तिवेतनाचं आजच बघा. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते हयातभर मिळू शकतं. केंद्राच्या निवृत्तांना हयातीतच अपत्याचं नाव पीपीओवर (निवृत्तिवेतन देण्याच्या आदेशावर) चढवून घेता येतं. राज्याचे असाल तर शेवटच्या कार्यालयाकडे वैद्यकीय प्रमाणपत्रासह लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तुमच्या आणि पत्नीच्या मागे हीच धावपळ करायला दुसऱ्या कुणाला कित्येक महिने लागतात, आणि तोवर संस्थेची फी थकते.

मुलगा नॅशनल ट्रस्टच्या चार गटांत असेल तर 'निरामय' विमाही घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही. विम्याचं वर्ष ३१ मार्चला संपतं, नूतनीकरण त्याआधी करायचं.